सांध्याचा हिशेब

भाईंदर स्थानक सोडून लोकल विरारकडे निघाली की लगेच वसईची खाडी लागते. एक पूल, मग पाणजू बेट, मग दुसरा पूल, आणि पलीकडे नायगाव. मीरा-भाईंदरच्या मुलांनी हा प्रवास कितीतरी वेळा केलेला असतो. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांना पक्के कसे जोडावेत, या प्रश्नाच्या इतिहासातले दोन-तीन टप्पे या खाडीच्या काठीच पाहायला मिळतात, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही. खरे तर आमचेही तिकडे लक्ष नव्हते. ते गेले एका कारखानदाराच्या चुकलेल्या अंदाजामुळे.

भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी करणारे आणि लोखंडी कामे घेणारे लहान लहान गाळे दाटीवाटीने उभे आहेत. बारावीच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही अशाच एका गाळ्यात गेलो होतो. मालक स्वतः आयटीआयमध्ये शिकलेले वेल्डर. ६ मिमी जाडीच्या प्लेटांच्या टाक्या करण्यात त्यांचा हात बसलेला. एकदा त्यांना १२ मिमी प्लेटचे काम मिळाले. "जाडी दुप्पट, म्हणून रॉडही दुप्पट धरले, सर," ते सांगत होते. "दरही त्याच हिशेबाने लावला. काम निम्म्याच्या थोडे पुढे गेले आणि रॉड संपले. शेवटी तिपटीच्या वर लागले. नफा तर गेलाच, वर प्लेटा वाकल्या त्या सरळ करण्यात चार दिवस गेले."

असे का झाले असेल, म्हणून आम्ही मुलांना विचारले. कोणी म्हणाले रॉड वाया गेले असतील, कोणी म्हणाले हलके निघाले असतील. खरे उत्तर होते दहावीच्या भूमितीत. पण ते समजायला आधी सांध्यात वेगळा धातू भरावा लागतो तो मुळात कशासाठी, हे पाहायला हवे.

लोहाराची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवतात. ही धाव म्हणजे लांब पट्टी वाकवून केलेले कडे. तिची दोन टोके लोहार कशी जोडत असे? तो आधी दोन्ही टोके ठोकून तिरपी, निमुळती करी. मग ती एकमेकांवर ठेवून भट्टीत पांढऱ्या तावापर्यंत तापवी, वर वाळू किंवा टाकणखार टाकी आणि घणाचे घाव घाली. वाळूमुळे पृष्ठभागावरचे ऑक्साइड वितळून बाहेर पडे आणि स्वच्छ लोखंड स्वच्छ लोखंडाला भिडे. दिल्लीचा सुमारे सहा टनांचा लोहस्तंभ असाच लोखंडाचे गोळे ठोकून, सांधून घडवलेला आहे.

या पद्धतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, सांध्याची टोके तिरपी करण्याची युक्ती फार जुनी आहे. दुसरी, यात बाहेरून धातू घालावा लागत नाही, कारण दाब देऊन तुकडे एकजीव करता येतात. पण घणाखाली जेवढे मावेल तेवढेच काम असे करता येते. पुलाचा गर्डर काही भट्टीत घालता येत नाही.

रिव्हेटचे राज्य

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली सुरतेकडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. या मार्गाला वाटेत एकामागून एक नद्या आणि खाड्या ओलांडायच्या होत्या, वसईची खाडी त्यांतलीच एक. कंपनीचे अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी पुलांसाठी एकच ठरावीक नमुना धरला होता: लोखंडी खांबांवर ६० फूट गाळ्याचे, त्रिकोणी जाळीचे वॉरन गर्डर. भाग इंग्लंडमध्ये तयार होत, जहाजाने येत आणि इथे जुळवले जात.

त्या काळात असे भाग जोडण्याचा मुख्य उपाय म्हणजे रिव्हेट. दोन प्लेटा एकावर एक ठेवून छिद्रे पाडायची, लालबुंद तापलेली रिव्हेट आरपार घालायची आणि दुसरे टोक ठोकून त्याचे डोके करायचे. थंड होताना रिव्हेट आखडते आणि प्लेटांना घट्ट आवळते.

पद्धत भरवशाची, पण महाग. २०० मिमी रुंदीच्या पट्टीत एका रांगेत २२ मिमीची दोन छिद्रे पाडली, तर त्या जागी ४४ मिमी पोलाद नाहीसे होते. म्हणजे पट्टी २२ टक्क्यांनी दुबळी झाली. ती उणीव भरून काढायला सगळी पट्टीच जाड घ्यावी लागते. शिवाय प्लेटा एकमेकींवर चढवायच्या किंवा वरून जोडपट्ट्या लावायच्या, त्यांचे वजन निराळे. तरीही हे राज्य दीर्घकाळ टिकले. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल सुमारे २६,५०० टन पोलादाचा आहे आणि तो रिव्हेटांनीच जोडलेला आहे.

विजेची ज्योत

दरम्यान दुसरा मार्ग शोधला जात होता. निकोलाय बेनार्दोस या रशियन संशोधकाने १८८१ साली कार्बनची कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवून धातू वितळवून दाखवला. भर घालायला धातूची सळई वेगळी धरावी लागे. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली. आता कांडीच वितळून सांध्यात उतरू लागली. अशा रीतीने बाहेरून घातलेल्या धातूला आपण भरणधातू म्हणू.

पण उघड्या कांडीने केलेला सांधा ठिसूळ होई. वितळलेल्या लोखंडात हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन शिरत असे. लोहाराची वाळू जे काम करी, ते इथे कोण करणार? स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०४ मध्ये एसाब कंपनी काढली आणि १९०७ मध्ये लेप दिलेल्या कांडीचे पेटंट मागितले. पुढे सुधारत गेलेल्या अशा लेपाच्या जळण्यातून निघणारा वायू ज्योतीभोवती कवच करतो आणि वितळलेला लेप मळी होऊन थंड होणाऱ्या धातूवर साय धरतो. आज गाळ्यातला वेल्डर हातोडीने टोकून जी मळी उडवतो, ती हीच.

१९२९ साली पोलंडमध्ये माउझित्से इथे स्टेफान ब्रिवा यांनी आराखडा केलेला वेल्डिंगचा रस्त्यावरचा पूल पुरा झाला. छिद्रे नाहीत, जोडपट्ट्या नाहीत, त्यामुळे तशाच रिव्हेटच्या पुलापेक्षा त्याला बरेच कमी पोलाद लागले.

खाच कशासाठी?

इथे एक अडचण येते. हाताने धरलेल्या कांडीची ज्योत प्लेटमध्ये फार खोल जात नाही, काही मिलिमीटरच जाते. पातळ पत्र्याच्या कडा नुसत्या समोरासमोर ठेवून जोडता येतात. जाड प्लेटा तशाच ठेवून वरून कांडी फिरवली, तर वर झकास दिसणारा सांधा आत पोकळ राहतो. ताण आला की तो पोकळ भागच भेगेची सुरुवात ठरतो.

म्हणून प्लेटांच्या कडा तासून तिरप्या करतात. दोन कडा जवळ आणल्या की मध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच तयार होते. कांडी खाचेच्या तळापर्यंत पोहोचते आणि तळापासून वरपर्यंत थरावर थर देत खाच भरता येते. दोन्ही उतारांमधला कोन साधारण ६० अंश ठेवतात. तळाशी धातू आरपार उतरावा म्हणून २-३ मिमी फट ठेवतात आणि धार जळून जाऊ नये म्हणून कडेचा १-२ मिमी भाग न तासता सरळ सोडतात. कारखान्यात फटीला रूट गॅप आणि सरळ भागाला रूट फेस म्हणतात.

म्हणजे खाच ही एक तडजोड आहे. आपण आधी चांगले पोलाद कापून टाकतो आणि मग तेवढी जागा महाग धातूने पुन्हा भरतो. खाच अरुंद केली तर कांडी तळाला पोहोचत नाही, रुंद केली तर भरणीला अंत राहत नाही.

गाळ्यातले गणित

आता मालकांच्या कोड्याकडे वळू. खाच आडवी कापली असता दिसणारे क्षेत्रफळ काढायचे. त्याला सांध्याच्या लांबीने गुणले की घनफळ, आणि घनफळाला पोलादाच्या घनतेने, म्हणजे दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅमने, गुणले की वजन.

प्लेट १२ मिमी, फट २ मिमी, सरळ भाग २ मिमी आणि कोन ६० अंश घेऊ. क्षेत्रफळाचे तीन भाग पडतात. पहिला, फटीचा आयत: २ गुणिले १२, म्हणजे २४ चौमिमी. दुसरा, दोन्ही बाजूंचे काटकोन त्रिकोण मिळून: तासलेली खोली १० मिमी, तिचा वर्ग १००, त्याला ३० अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.५७७ ने, गुणायचे. सुमारे ५८ चौमिमी. तिसरा, वर ठेवलेला फुगवटा: खाचेचे तोंड सुमारे १३.५ मिमी रुंद, फुगवटा २ मिमी उंच, आकार कमानीसारखा असल्याने गुणाकाराचा दोनतृतीयांश, म्हणजे १८ चौमिमी. एकूण १०० चौमिमी, म्हणजेच १ चौसेंमी. एक मीटर सांध्याला १०० घनसेंमी, म्हणजे ७८५ ग्रॅम धातू लागेल.

हेच गणित ६ मिमी प्लेटसाठी केले तर आयत १२, त्रिकोण सुमारे ९ आणि फुगवटा सुमारे ९, एकूण ३० चौमिमी येतात. ३० वरून १०० म्हणजे तिपटीहून जास्त! मुलांनी हे कागदावर मांडले तेव्हा मालकांनी तो कागद मागून घेतला. आयत जाडीच्या प्रमाणात वाढतो, पण त्रिकोण खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यांनी सगळी खाच आयतासारखी मोजली होती.

सांध्यात उतरलेला धातू आणि विकत आणलेल्या रॉडचे वजन मात्र एक नसते. लेपाची मळी होते, काही थेंब उडून जातात आणि हातात शेवटी ५ सेंमीचे थोटूक उरते. लेप दिलेल्या कांडीच्या वजनापैकी साधारण ६० टक्केच सांध्यात जाते असे धरले, तर ७८५ ग्रॅमसाठी १.३ किलो रॉड आणावे लागतील. नगाने मोजायचे तर ४ मिमी जाड, ४५० मिमी लांब अशा एका कांडीतून थोटूक आणि उडालेले थेंब वजा जाता सुमारे ३५ ग्रॅम धातू मिळतो. म्हणजे मीटरमागे २२-२३ कांड्या. कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात सलग तार वितळवतात तेव्हा थोटूक नसते, लेप नसतो, आणि तारेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कामी येतो.

आणखी एक गोष्ट मुलांनी तपासली. १२ मिमी प्लेटच्या सांध्यात फट २ ऐवजी ४ मिमी राहिली तर? क्षेत्रफळ १२६ चौमिमी होते. प्लेटा जुळवताना केलेला २ मिमीचा हलगर्जीपणा पाव हिश्शाने जास्त धातू खातो. कोन ६० ऐवजी ७० अंश झाला तर १५ टक्के जास्त. तेव्हा कांड्यांचा हिशेब खरे तर ग्राइंडर हातात घेतानाच सुरू होतो.

जास्त म्हणजे मजबूत?

"पण सर, जास्त धातू म्हणजे सांधा जास्त पक्का ना?" एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता. पैसे जातील, पण सुरक्षितता तरी वाढेल, असे कोणालाही वाटेल.

मालकांच्या वाकलेल्या प्लेटा याचे उत्तर देतात. वितळलेला धातू थंड होताना आखडतो. खाचेचे तोंड वर रुंद असल्याने वरच्या बाजूला जास्त धातू, म्हणून तिथे आखडणेही जास्त, आणि प्लेटा पंखांसारख्या वर उचलल्या जातात. प्लेटा घट्ट बांधून ठेवल्या तर त्या वाकत नाहीत, पण मग आखडण्याची ओढ ताण होऊन आतच कोंडून राहते. जितका अधिक धातू, तितकी अधिक उष्णता आणि तितकी ही ओढ मोठी.

हा कोंडलेला ताण काय करू शकतो, ते बेल्जियममध्ये दिसले. हासेल्ट इथे आल्बर्ट कालव्यावरचा सुमारे ७५ मीटर गाळ्याचा वेल्डिंगचा पूल १४ मार्च १९३८ रोजी सकाळच्या थंडीत तडकला आणि काही मिनिटांत कालव्यात कोसळला. वापरात येऊन त्याला जेमतेम वर्ष झाले होते. पाच वर्षांनी, १६ जानेवारी १९४३ रोजी, अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दोन तुकडे झाले. रिव्हेटांचा हावडा पूल खुला व्हायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते.

दोष फक्त वेल्डिंगचा नव्हता. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी युद्धकाळातल्या जहाजांच्या पोलादाचा अभ्यास केला. विशिष्ट तापमानाखाली ते पोलाद लवचीकपणा सोडून काचेसारखे तडकते, असे त्यांना आढळले. ठिसूळ पोलाद, थंडी, सांध्यातला एखादा दोष आणि कोंडलेला ताण एकत्र आले की भेग सुटे. रिव्हेटच्या जहाजात अशी भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबत असे, कारण पुढे दुसरी प्लेट. वेल्डिंगने मात्र सगळे जहाज एकच प्लेट झाले होते, आणि भेगेला वाट मोकळी होती. काही जहाजांवर भेग अडवण्यासाठी मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

यातून अभियंते वेल्डिंग सोडून मागे फिरले नाहीत. पोलादाचा कस तपासणे, सांध्यांची जागा विचाराने ठरवणे आणि खाचेत धातू मोजून घालणे त्यांनी शिकून घेतले. कीवमध्ये येव्हगेनी पॅटन या पूल-अभियंत्याने मळीच्या भुकटीखाली यंत्राने सलग वेल्डिंग करण्याची पद्धत पुलांसाठी तयार केली. नीपर नदीवरचा १,५४३ मीटर लांबीचा वेल्डिंगचा पूल नोव्हेंबर १९५३ मध्ये खुला झाला. तो पाहायला पॅटन नव्हते. ऑगस्टमध्येच त्यांचे निधन झाले होते. भारतात बांधकामातल्या विद्युत वेल्डिंगसाठी भारतीय मानक ८१६ आहे आणि १९७५ पासून तिरुचिरापल्लीत वेल्डिंग संशोधन संस्था काम करते.

कमी धातूत पक्का सांधा करण्याची सर्वांत सोपी युक्ती भूमितीतच आहे. जाड प्लेटला एका बाजूने खोल खाच करण्याऐवजी दोन्ही बाजूंनी उथळ खाचा करायच्या. २४ मिमी प्लेटच्या एकेरी खाचेचे क्षेत्रफळ, वरचेच आकडे धरून, ३६४ चौमिमी येते. दुहेरी खाचेचे २२७. मीटरमागे २.८६ किलोऐवजी १.७८ किलो धातू. शिवाय आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी थर दिले तर आखडण्याची ओढ एकमेकींना तोलून धरते. १२ मिमी प्लेटलाही १०० ऐवजी ७४ चौमिमी पुरतात. अट एकच, प्लेट उलटता आली पाहिजे. "आमच्याकडे क्रेन नाही," मालक म्हणाले, "पण चार माणसं आहेत."

रुळाची पुडी

परत येताना आम्ही मुलांना फलाटावरून रुळांकडे पाहायला सांगितले. पूर्वी १३ मीटरच्या रुळांच्या प्रत्येक सांध्यावर चाके खटखट वाजत. आता रूळ वेल्डिंगने जोडून लांबच लांब केलेले असतात. रुळावरच हे काम करायचे तर थर्मिट पद्धत वापरतात. हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १८९९ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात तिने ट्रामचे रूळ जोडले गेले. दोन रुळांत २५ मिमी फट ठेवून भोवती साचा बसवतात आणि आयर्न ऑक्साइड व ॲल्युमिनियम यांच्या भुकटीला वरच्या भांड्यात पेटवतात. ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेते आणि वितळलेले लोखंड फटीत उतरते.

इथे खाच म्हणजे सरळ आयत. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात २५ मिमी फटीसाठी दीड किलो लोखंड हवे. समीकरण मांडले तर १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम यांच्यापासून ११२ ग्रॅम लोखंड मिळते, म्हणजे मिश्रणाच्या ५२ टक्के. प्रत्यक्षात सांध्याभोवतीची पट्टी आणि साच्यात वर उरणारा धातू यांसाठी मिश्रण बरेच अधिक लागते. म्हणून कामगाराला ते जागेवर मापत बसावे लागत नाही. रुळाच्या प्रकारानुसार आधीच तोललेली पुडी त्याला मिळते. खाडीकाठच्या या कामात भरणधातूचा हिशेब पुडीतच बांधलेला असतो.

आणि तो जुना लोखंडी पूल? शेजारी पूर्वताणित काँक्रीटचे पूल झाले आणि त्याने रेल्वेची चाकरी सोडली.

वर्गात करून पाहण्यासाठी

जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून १० मिमी आणि २० मिमी खोलीच्या, ६० अंश कोनाच्या, सारख्याच लांबीच्या दोन खाचा करा. तळाशी फट ठेवू नका. दोन्ही खाचा मळलेल्या कणकेने काठोकाठ भरा आणि कणीक तराजूत तोला. दुसऱ्या खाचेतली कणीक पहिलीच्या चौपट भरेल. मग तळाशी ५ मिमी फट ठेवून प्रयोग पुन्हा करा आणि आता चौपट का येत नाही, ते मुलांनाच शोधू द्या. टॅन आणि वर्ग यांचा उपयोग काय, असे विचारणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला जवळच्या वेल्डिंगच्या गाळ्यात घेऊन जा. जाण्याआधी ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे नाही, हे मात्र बजावून सांगा.